कलेजीतलं टोपोआयसोमरेज: कॉलेजच्या लॅबमधल्या रिलॅक्सेशन असेच्या नोंदी

४ जुलै: किट नाही, कलेजी

टोपोआयसोमरेज, म्हणजे डीएनएचा पीळ बदलणारं एन्झाइम, फळ्यावर शिकवता येतं, पण परीक्षेनंतर मुलांच्या डोक्यात काही उरत नाही. म्हणून यंदा एम.एस्सी. भाग दोनच्या मुलांकडून रिलॅक्सेशन असे (assay, म्हणजे पीळ सुटतो का याची चाचणी) प्रत्यक्ष करून घ्यायचं ठरवलं. पीळ भरलेलं प्लाझमिड, म्हणजे बॅक्टेरियातलं डीएनएचं छोटं बंद कडं, घ्यायचं, त्यात एन्झाइम घालायचं आणि पीळ सुटला का ते अॅगरोज जेलवर बघायचं. या जेलमधून डीएनए विजेने ओढला की वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या अंतरावर पट्ट्यांसारखे, म्हणजे बँड होऊन, दिसतात.

तयार मानवी टोपोआयसोमरेज-१ चं कोटेशन मागवलं. केमिकल्ससाठी वर्षाला जेवढे पैसे मिळतात त्यातले निम्मे त्यातच गेले असते, शिवाय ड्राय आइसचा खर्च वेगळा. तेव्हा एन्झाइम आपणच काढायचं. १९७२ साली रेनाटो डलबेको यांच्या प्रयोगशाळेत हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते उंदराच्या पेशींच्या केंद्रकांत. पुढे उंदराच्या यकृतातूनही ते शुद्ध केलं गेलं. आम्हाला बोकडाची कलेजी सहज मिळते.

कच्च्या अर्कात डीएनए तोडणारे न्यूक्लिएज भरपूर असतात, मग त्यात प्लाझमिड टिकणार कसं, हा पहिला प्रश्न. या एन्झाइमची ठेवणच इथे मदतीला येते. प्राण्यांच्या टोपोआयसोमरेज-१ ला एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन, लागत नाही आणि मॅग्नेशियमही लागत नाही. बहुतेक न्यूक्लिएजना मॅग्नेशियम लागतं, टोपोआयसोमरेज-२ ला तर मॅग्नेशियम आणि एटीपी दोन्ही लागतात. रिअॅक्शनमध्ये ईडीटीए घालून मॅग्नेशियम बांधून टाकलं की हे सगळे गप्प बसतात आणि टोपो-१ एकटं काम करत राहतं. सगळी योजना या एका गोष्टीवर उभी आहे.

मुलांना एन्झाइमची गरज पटावी म्हणून वर्गात दोनपदरी सुतळीचं कडं करून दिलं. टोकं एकमेकांना शिवलेली. पीळ काढून दाखवा म्हटलं. ज्यांनी एका जागचा पीळ सोडवला त्यांच्या हातात तो दुसरीकडे जाऊन बसला. शेवटी एकीनेच विचारलं, "मॅडम, एक पदर कापला तर चालेल?" टोपो-१ तेच करतं: एक पदर कापतं, पीळ फिरू देतं, पदर पुन्हा जोडतं. ई. कोलाय या बॅक्टेरियात डीएनएची नक्कल सेकंदाला हजारेक बेस पेअरच्या (डीएनएमधल्या अक्षरांच्या जोड्यांच्या) वेगाने होते. दर साडेदहा बेस पेअरला एक वेढा, म्हणजे नक्कल चालू असते त्या जागेच्या (फोर्कच्या) पुढे सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे साठत जातात. ते काढणारं कुणी नसेल तर काम तिथेच अडतं.

११ जुलै: प्लाझमिड

प्लाझमिड पीयूसी१९ घेतलं. २६८६ बेस पेअरचं, कॉपी भरपूर, त्यामुळे मिनीप्रेपमध्येच (बॅक्टेरियातून थोडा डीएनए काढायच्या पद्धतीत) पुरेसं मिळतं. लॅबमध्ये ते ई. कोलायच्या एचबी१०१ या स्ट्रेनमध्ये जपून ठेवलेलं होतं, तिथूनच सुरुवात केली. पहिल्या दिवशी डीएनए छान दिसला. चार दिवसांनी त्याच ट्यूबमधला डीएनए जेलवर बघितला तर सुपरकॉइल्ड, म्हणजे पीळ भरलेल्या डीएनएचा, बँड फिका आणि निक झालेला, म्हणजे एका पदराला चीर पडलेला, वरचा बँड जाड. एचबी१०१ मध्ये एंडोन्यूक्लिएज-१ हे डीएनए कापणारं एन्झाइम शाबूत असतं. मिनीप्रेपमध्ये ते थोडंफार सोबत येतं आणि साठवलेला डीएनए कुरतडत राहतं.

प्लाझमिड डीएच५अल्फा या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये ट्रान्सफॉर्म करून घेतलं, म्हणजे तिच्या पेशींत शिरवलं. तिच्यात हे एंडोन्यूक्लिएज निकामी आहे. या स्ट्रेनच्या जनुकांच्या यादीत जीवायआरए९६ असंही लिहिलेलं असतं. ते म्हणजे गायरेजमधलं म्युटेशन, ज्यामुळे ही स्ट्रेन नालिडिक्सिक अॅसिड या अँटिबायोटिकला दाद देत नाही. गायरेज हे टोपोआयसोमरेजचंच भावंड, १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं. ते एटीपी खर्चून डीएनएमध्ये उलटा पीळ भरतं. आम्ही जो पीळ सोडवणार आहोत तो या गायरेजनेच भरलेला आहे. मुलांनी हा दुवा स्वतः जोडला, मला सांगावा लागला नाही.

लागू पडलेली पथ्यं: अल्कलाइन लायसिसमध्ये (अल्कलीने पेशी फोडून प्लाझमिड काढताना) दुसरं सोल्यूशन घातल्यावर पाच मिनिटांच्या पुढे थांबायचं नाही आणि व्होर्टेक्स करायचं नाही. आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) द्यायचं. डीएनए छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवायचा, कारण दर वेळी गोठवून वितळवलं की निक वाढतात. सुपरकॉइल्ड बँड निम्म्याहून जास्त नसेल तर ती बॅच वापरायची नाही.

१८ जुलै: केंद्रकांची जेली

मटणवाल्या चाचांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. सकाळी कापलेल्या बोकडाची पाव किलो कलेजी बर्फात घालून आणली. आम्हाला वीस ग्रॅमच लागते, पण तेवढीशी मागायला संकोच वाटतो.

कलेजीचे बारीक तुकडे करून थंड सलाइनमध्ये रक्त जाईपर्यंत धुतले. पाव मोलर साखरेच्या बफरमध्ये होमोजिनाइज केले, मलमलच्या चार पदरांतून गाळून केंद्रकं खाली बसवली. इथवर ठीक. मग एक्स्ट्रॅक्शन बफर घातलं आणि पाच मिनिटांत ट्यूबमध्ये शेंबडासारखा चिकट गोळा झाला. पिपेटमध्ये शिरेना, सेंट्रिफ्यूज करूनही वेगळा होईना. अख्खी बॅच बेसिनमध्ये गेली.

कारण दोन ठिकाणी होतं. पहिलं, साखरेच्या बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड नव्हतं. ईडीटीएवर विसंबून सगळी योजना आखली होती, म्हणून मॅग्नेशियम सुरुवातीपासूनच टाळलं गेलं. पण केंद्रकातलं क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए, घट्ट राहायला मॅग्नेशियम लागतंच. ते नसलं की केंद्रकं फुगतात, फुटतात आणि लांबच लांब डीएनए बाहेर येऊन जेली होते. दुसरं, एक्स्ट्रॅक्शन बफरमध्येही ईडीटीए होतं. त्यानं उरलंसुरलं मॅग्नेशियमही ओढून घेतलं.

२३ जुलै: अर्क मिळाला

बदललेली कृती देते, कारण हीच शेवटपर्यंत टिकली.

साखरेच्या बफरमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन) बफर वापरायच्या अगदी आधी घालायचं, पाण्यात ते फार वेळ टिकत नाही. होमोजिनायझरचा दांडा बर्फात ठेवूनच वर-खाली करायचा, फेस येता कामा नये. केंद्रकं अर्धा टक्का ट्रायटन हा डिटर्जंट असलेल्या त्याच बफरने एकदा धुवायची, म्हणजे बाहेर चिकटलेला पेशीद्रव सुटतो. एक थेंब मिथिलीन ब्लू लावून मायक्रोस्कोपखाली बघायचं. गोल, निळी, सुटी केंद्रकं दिसली तरच पुढे जायचं. गुच्छ दिसले तर पुन्हा गाळायचं.

मग ०.३५ मोलर मिठाच्या बफरमध्ये, ईडीटीए न घालता, अर्धा तास बर्फावर हलक्या हाताने हलवत ठेवायचं. एवढ्या मिठात टोपो-१ क्रोमॅटिनवरून सुटतं, हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) मात्र डीएनएला धरून राहतात आणि केंद्रकंही फुटत नाहीत. मीठ एक मोलरपर्यंत नेलं तर पुन्हा जेली. कोल्ड सेंट्रिफ्यूज शेजारच्या विभागाचा, त्यामुळे त्यांच्या प्रॅक्टिकलच्या वेळा सांभाळाव्या लागतात. १२,००० जी वर वीस मिनिटं फिरवून वरचं पाणी काढून घेतलं, तेवढंच ग्लिसरॉल मिसळून उणे वीसला ठेवलं.

ग्लिसरॉलमुळे अर्क पिपेटच्या टोकाला चिकटून राहतो आणि एक मायक्रोलिटरच्या जागी दोन जातात. टोक पृष्ठभागाला फक्त टेकवून घ्यायचं, आत बुडवायचं नाही.

२९ जुलै: सगळ्या लेन सारख्या

पहिला असे. वीस मायक्रोलिटरची रिअॅक्शन: १० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए, थोडं बीएसए हे प्रथिन, पाव मायक्रोग्रॅम प्लाझमिड, एक मायक्रोलिटर अर्क. ३७ अंशांवर अर्धा तास. एक टक्का जेल, नेहमीप्रमाणे.

यूव्हीवर बघितलं तर अर्क घातलेली लेन (जेलमधली एका नमुन्याची रांग) आणि न घातलेली लेन हुबेहूब सारख्या. दोन्हीत बँड खालीच. एन्झाइम मेलं असं समजून अर्क दुप्पट केला, वेळ दुप्पट केला. फरक शून्य. नवीन कलेजी आणायची तयारीही झाली.

दोष एन्झाइमचा नव्हता, "नेहमीप्रमाणे" या शब्दाचा होता. आमच्याकडे, आणि बहुतेक कॉलेजांत, जेल ओततानाच त्यात एथिडियम ब्रोमाइड, म्हणजे यूव्हीखाली डीएनए चमकवणारा रंग, घालतात. एरवी ते सोयीचं असतं. इथे त्यानंच निकाल पुसला.

जेलमध्ये प्लाझमिड किती पुढे जातो हे त्याची लांबी ठरवते, असं आपण मुलांना शिकवतो. पण इथे दोन्ही लेनमधल्या रेणूंची लांबी सारखीच आहे, बदलतो तो आकार. पीळ भरलेला रेणू आटोपशीर असतो, म्हणून पुढे पळतो. पीळ सुटलेला सैल गोल असतो, म्हणून मागे राहतो. एथिडियम बेस पेअरच्या मध्ये घुसतं आणि प्रत्येक रेणूमागे डीएनएचे वेढे साधारण २६ अंशांनी उलगडतं. बंद कड्यात पदरांचे एकूण वेढे बदलू शकत नाहीत. त्यामुळे हे उलगडणं भरून काढायला सगळं कडं उलट्या बाजूने पिळतं. म्हणजे एन्झाइमने मेहनतीने सोडवलेल्या प्लाझमिडमध्ये जेलने पुन्हा पीळ भरला, फक्त दुसऱ्या दिशेचा. तो पुन्हा आटोपशीर झाला आणि मूळच्या सुपरकॉइल्ड बँडच्या जागी, किंबहुना किंचित पुढेच, जाऊन बसला.

हे ज्यांना आधीच माहीत आहे त्यांचा आठवडा वाचेल. ज्यांना नाही त्यांनी यापुढची एक ओळ लिहून ठेवावी: रिलॅक्सेशनच्या जेलमध्ये, बफरमध्ये आणि टँकमध्ये एथिडियमचा अंशही नको. टँक आधीच्या प्रॅक्टिकलचा असेल तर नीट धुवून घ्या. एथिडियम लावायचं ते जेल चालवून झाल्यावरच, वेगळ्या ट्रेमध्ये.

२ ऑगस्ट: दिसलं

एथिडियम नसलेलं जेल. व्होल्टेज कमी, सेंटिमीटरला दोन व्होल्टच्या आसपास, आणि रात्रभर. पहिल्या रात्री लाइट गेली. पावसाळ्यात इथे हे नेहमीचंच. सकाळी बँड पसरट आणि धुरकट. दुसऱ्यांदा पॉवर पॅक इन्व्हर्टरवर जोडला आणि लॅबमधल्या मामांनी रात्री फेरी मारताना तो चालू असल्याचं बघून फोन केला.

सकाळी जेल अर्धा तास एथिडियममध्ये, मग वीस मिनिटं साध्या पाण्यात. अर्क नसलेल्या लेनमध्ये बँड खाली. अर्क असलेल्या लेनमध्ये खालचा बँड पूर्ण गेलेला आणि वर, निक झालेल्या बँडच्या खालोखाल, चार-पाच बारीक बँडची शिडी. ज्या लेनमध्ये ईडीटीएऐवजी मॅग्नेशियम घातलं होतं तिथे नुसता धूर, म्हणजे न्यूक्लिएजनी डीएनएचा फडशा पाडलेला. एकाच जेलवर योजना बरोबर असल्याचं आणि ती का हवी होती याचं, दोन्हींचं उत्तर मिळालं.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका होता: "मॅडम, पीळ पूर्ण सुटला असेल तर एकच बँड यायला हवा ना? पाच का?" एन्झाइम पदर कापतं तेव्हा रेणू स्वस्थ उभा नसतो. उष्णतेमुळे तो दोन्ही दिशांना सारखा थोडा पिळत-उलगडत असतो. पदर पुन्हा जोडला जातो त्या क्षणी तो जिथे असेल तिथेच वेढ्यांची संख्या कायम होते. त्यामुळे मध्ये एक गडद बँड आणि दोन्ही बाजूंना फिके होत गेलेले शेजारी. या वाटणीवरून डीएनए पिळायला किती ऊर्जा लागते हे १९७५ साली मोजलं गेलं. मोजमापाचं तंत्र नेमकं हेच, एन्झाइम आणि अॅगरोज जेल. आपल्या टेबलावरच्या जेलमध्ये तेच दिसतंय हे समजल्यावर मुलं यूव्हीजवळून हलेनात. शेवटी दिवा बंद करावा लागला, डोळ्यांच्या काळजीपोटी.

९ ऑगस्ट: शिडी उतरताना

आता मधल्या पायऱ्या हव्या होत्या, पीळ एकेक करून सुटताना. अर्क पातळ करत नेला. नुसत्या बफरमध्ये पातळ केला तर एन्झाइम ट्यूबच्या भिंतीला चिकटून नाहीसं होतं, म्हणून पातळ करायच्या बफरमध्येही बीएसए हवं.

मिठाचा परिणाम सगळ्यात स्पष्ट आला. ५० मिलिमोलरला लेनमध्ये फक्त दोन टोकं: पूर्ण पिळलेला किंवा पूर्ण सुटलेला डीएनए. मधलं काही नाही. एन्झाइम एका रेणूला धरलं की तो पूर्ण मोकळा करूनच सोडतं. १५० मिलिमोलरला पकड सैल होते. थोडा पीळ काढून ते सुटतं, दुसऱ्या रेणूकडे जातं आणि मग मधले सगळे बँड दिसतात. अर्कातलं मीठही हिशेबात धरा. आमच्या एक मायक्रोलिटरमागे फार फरक पडत नाही, पण पाच घातले तर पडतो.

पीयूसी१९ मध्ये २५६ च्या आसपास वेढे असतात आणि पेशीतून काढलेल्या प्लाझमिडमध्ये त्यातले साधारण पंधरा कमी असतात. शिडीवर आठ-नऊ पायऱ्या डोळ्यांनी मोजता आल्या, खालच्या एकमेकींत मिसळतात. शेजारच्या दोन पायऱ्यांत एका वेढ्याचा फरक. टोपो-२ असतं तर दोन-दोनने उतरलं असतं, कारण ते दोन्ही पदर कापून त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेतं.

१६ ऑगस्ट: खरंच सुटला, की फाटला?

शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्यांनी जेलचा फोटो बघून रास्त शंका काढली. निक झालेलं कडंही सैलच असतं आणि या जेलमध्ये ते जवळपास त्याच उंचीवर येतं. अर्कातलं एखादं न्यूक्लिएज ईडीटीएमध्येही टिकून प्लाझमिडला चिरा पाडत असेल तर?

याचं उत्तर एथिडियम घातलेल्या जेलमध्येच मिळतं. चीर पडलेल्या कड्यात पदर मोकळा फिरतो, त्यामुळे एथिडियम त्यात पीळ भरू शकत नाही. ते वरच राहतं. बंद, पीळ सुटलेलं कडं मात्र खाली पळतं. तीच रिअॅक्शन निम्मी-निम्मी करून दोन जेलवर चालवली. साध्या जेलमध्ये सगळं वर, एथिडियमच्या जेलमध्ये जवळजवळ सगळं खाली. म्हणजे कडी बंद आहेत, पदर पुन्हा जोडले गेले आहेत. या असेत तोडणाऱ्याला आणि जोडणाऱ्याला वेगळं ओळखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. यापुढे प्रत्येक नमुना दोन्ही जेलवर.

बाकी कंट्रोल: उकळलेला अर्क (काम करत नाही), अर्काऐवजी त्याचंच बफर (काहीच होत नाही), एटीपीशिवाय (काम चालू राहतं, म्हणून टोपो-२ नव्हे).

याच आठवड्यात वेलमध्ये, म्हणजे जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेत, डीएनए अडकून बसायला लागला. कच्च्या अर्कातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. रिअॅक्शन एक टक्का एसडीएस या डिटर्जंटने थांबवून प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) सोबत ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं की वेल साफ.

२४ ऑगस्ट: रचना प्रोजेक्टरवर

पाऊस आणि सुट्ट्या, ओलं काम बंद. मानवी टोपो-१ ची रचना प्रोटीन डेटा बँकेतून उतरवून मोठ्या पडद्यावर फिरवली. ही स्फटिकरचना १९९८ ची. प्रथिन ७६५ अमिनो आम्लांचं, पण सुरुवातीचा भाग इतका लवचीक की स्फटिकासाठी तो कापून टाकावा लागला होता.

बघायच्या जागा: प्रथिनाचे दोन पाळे डीएनएला दोन्ही बाजूंनी घट्ट मिठी मारतात. टायरोसिन ७२३, म्हणजे ७२३ व्या जागचं अमिनो आम्ल, कापलेल्या पदराच्या ३ प्राइम टोकाला (कापल्यावर होणाऱ्या दोन टोकांपैकी एकाला; दुसरं ५ प्राइम) स्वतः जोडलं जातं. त्यामुळे कापताना बंधातली ऊर्जा वाया जात नाही, पदर पुन्हा जोडायला तीच वापरली जाते. म्हणून एटीपीची गरज पडत नाही. त्या टायरोसिनभोवती आर्जिनिन ४८८ आणि ५९०, लायसिन ५३२, हिस्टिडिन ६३२. धातूचा एकही आयन नाही. सहा आठवडे आम्ही ज्या ईडीटीएच्या भरवशावर काम केलं त्याचं कारण या पाच अमिनो आम्लांत डोळ्यांसमोर होतं.

ई. कोलायचं टोपोआयसोमरेज-१ शेजारी ठेवून बघा. १९७१ साली जेम्स वांग यांनी शोधलेलं, या कुळातलं पहिलं एन्झाइम. नाव तेच, घडण पूर्ण वेगळी. मध्ये मोठं भोक असलेली कमान, टायरोसिन ३१९ जोडलं जातं ते ५ प्राइम टोकाला, आणि मॅग्नेशियमशिवाय काम नाही. स्वस्त पडतं म्हणून काही जण हे एन्झाइम विकत घेऊन पुढच्या नोंदीतला प्रयोग करू बघतात. तो होणार नाही. त्यात लागणारं कॅम्पटोथेसिन हे औषध बॅक्टेरियाच्या एन्झाइमवर चालत नाही.

५ सप्टेंबर: कॅम्पटोथेसिन

हे औषध टोपो-१ ला पदर कापू देतं, पण पुन्हा जोडू देत नाही. कापलेल्या जागेच्या फटीत, दोन बेस पेअरच्या मध्ये ते बसतं. अडकलेलं एन्झाइम आणि त्यावर येऊन आदळणारा रेप्लिकेशन फोर्क, या धडकेत कर्कपेशी मरते. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्यावरून बनवलेली औषधं १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली. मूळ रेणू १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. वाणी जन्माने नंदुरबारचे.

पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तोच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडला. घाणेरड्या वासावरून हे नाव. महाबळेश्वरच्या जंगलात तो आहे, तेव्हा दोन मुलांनी लाकूड आणून अर्क काढायची परवानगी मागितली. मी दिली नाही. या लाकडासाठी पश्चिम घाटात झाडं बेसुमार तोडली गेली आहेत. प्रॅक्टिकलला पुरेल एवढं शुद्ध कॅम्पटोथेसिन बाजारात मिळतं. झाड बघायला मात्र वनस्पतिशास्त्राच्या सरांसोबत सगळ्यांना नेलं.

प्रयोग सुरुवातीला चालला नाही. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एका गटाने किंचित सोडियम हायड्रॉक्साइड घालून विरघळवलं. विरघळलं झटकन, परिणाम काहीच नाही. अल्कलीत त्याच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं वलय उघडतं आणि उघडलेला रेणू एन्झाइमवर जवळजवळ निष्क्रिय असतो. १९७० च्या दशकात माणसांवरच्या पहिल्या चाचण्या याच विरघळणाऱ्या सोडियम क्षाराने झाल्या होत्या. फायदा तोकडा, मूत्राशयाला इजा मोठी, आणि चाचण्या थांबल्या. एन्झाइमवर नेमका कुठे परिणाम होतो हे १९८५ साली कळल्यावर औषध पुन्हा वर आलं. आमच्या ट्यूबमध्ये त्या इतिहासाचा एक तुकडा आपोआप घडला, तो मुलांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. स्टॉक डीएमएसओ या द्रावकातच करा आणि रिअॅक्शनमध्ये अगदी शेवटी घाला.

दुसरी अडचण थांबवण्याची. एका गटाने रिअॅक्शन बर्फावर ठेवून, थोड्या वेळाने लोडिंग डाय घालून भरली. चिरा दिसल्याच नाहीत. औषधाने अडकवलेली कापणी उलटू शकते. थोडं मीठ वाढलं, तापमान बदललं की एन्झाइम पदर जोडून मोकळं होतं. एसडीएस थेट ३७ अंशांवरच्या ट्यूबमध्ये, ट्यूब ब्लॉकमधून न काढता घालायचं. प्रथिन त्याच क्षणी उलगडतं आणि कापलेला पदर कापलेलाच राहतो. मग प्रोटिनेज के.

१३ सप्टेंबर: निक झालेला बँड वाढला

अर्क पाचपट घेतला. या असेत एन्झाइमचा एकेक रेणू एकेका जागी अडकून दिसायला हवा, म्हणून थोड्या एन्झाइमने भागत नाही. एथिडियम घातलेलं जेल. लेनचा क्रम: डीएनए, डीएनए आणि अर्क, तेच अधिक नुसतं डीएमएसओ, मग कॅम्पटोथेसिन १, १० आणि १०० मायक्रोमोलर, शेवटी १०० मायक्रोमोलर पण अर्काशिवाय.

वरचा, निक झालेला बँड १० ला स्पष्ट वाढला, १०० ला आणखी. डीएमएसओच्या लेनमध्ये वाढ नाही, अर्काशिवायच्या लेनमध्येही नाही. म्हणजे चिरा औषध एकटं पाडत नाही, एन्झाइम पाडतं. शुद्ध एन्झाइमच्या फोटोंत दिसतो तेवढा ठळक फरक कच्च्या अर्कात येत नाही. मूळ प्लाझमिडमध्ये आधीच जास्त निक असतील तर फरक दिसणारच नाही. ११ जुलैला लिहिलेलं पथ्य इथे कामी येतं.

कॅम्पटोथेसिन हाताळताना ग्लोव्हज, आणि उरलेलं सिंकमध्ये नाही. एथिडियमच्या कचऱ्यासोबत वेगळ्या कॅनमध्ये.

२० सप्टेंबर: हिशेब

कलेजी, मीठ, साखर, ट्रिस, ईडीटीए हे सगळं मिळून किटच्या किमतीच्या तुलनेत नगण्य. खरा खर्च अॅगरोजचा, प्रोटिनेज के चा आणि कॅम्पटोथेसिनचा. तिन्ही मिळून कोटेशनच्या पाचव्या हिश्श्यात बसले. वेळ मात्र लागतो. शिकून झाल्यावरही अर्क काढायला अख्खा दिवस आणि जेलला रात्र.

उणे वीसला ग्लिसरॉलमध्ये अर्क महिनाभर चांगला चालला, त्यानंतर तेवढाच परिणाम दिसायला दुप्पट घालावा लागला. उणे ऐंशी असेल तर तिथे ठेवा.

पुढच्या बॅचसाठी क्लोरोक्विन घातलेलं जेल करायचं आहे. शिडीच्या खालच्या, मिसळलेल्या पायऱ्या त्याने सुट्या होतात आणि उलटा पीळ व सुलटा पीळ वेगळे ओळखता येतात. जे हे करून बघतील त्यांनी साध्या आणि एथिडियमच्या जेलमध्ये नमुने एकाच क्रमाने भरावेत आणि फोटोवर लगेच "साधं" किंवा "ईबी" लिहून ठेवावं. दोन दिवसांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे नुसतं बघून ठरवताना गोंधळ होतो.